शेवटचं प्यादं

लातूरच्या निवड स्पर्धेत शेवटच्या फेरीत मला बरोबरी पुरेशी होती. तेवढ्यावर राज्य स्पर्धेच्या संघात माझी जागा पक्की. हरले असते तर परत नांदेडला, नववीच्या वह्या तपासायला.

समोर होते उमरीचे एक घड्याळजी चाचा, सत्तरी ओलांडलेले. ते जिंकले तर जागा त्यांची.

दोन महिने मोबाइलवर घोकलेली सुरुवात मी मांडली. राजापुढचं प्यादं दोन घरं. चाचांनी त्यांचं एकच घर सारलं. दुसरंही एकच. देशी बुद्धिबळात प्यादं एकेकच घर चालतं आणि त्यांचा जन्म देशी डावात गेलेला. स्पर्धेचे नियम त्यांना ठाऊक होते, पण हाताची सवय जाते कुठं? मला हसू आलं. म्हटलं, संघात गेलेच मी.

त्या एकेका घराच्या चालींनी माझ्या नाकी नऊ आणले. उंट कोंडला, घोडा गेला, वजीरही गेला. माझी घोकंपट्टी कुठल्या कुठे गेली. शेवटी माझ्याकडे राजा आणि एक प्यादं, त्यांच्याकडे राजा आणि हत्ती. माझं प्यादं हत्तीच्या तोंडाशी, पाठीशी कुणी नाही. संपलं सगळं.

चाचांनी ते मारलंच नाही. शह दिला. मी राजा हलवला, त्यांनी पुन्हा शह दिला. प्यादं जिवंत ठेवूनच त्यांना मात करायची होती. ती एका घरानं हुकली आणि माझं प्यादं पोचलं, वजीर झालं. मग त्यांनी हत्तीनं वजीर मारला, माझ्या राजानं हत्ती मारला. पटावर दोन राजे उरले. बरोबरी.

"चाचा, प्यादं का सोडलं?"

"देशीत आखरी प्यादं मारत न्हाईत, मॅडम. राजा उघडा पडला की बुर्जी. डाव बराबर."

"पण इथं तो नियम नाही."

"मालूम हाय की," ते सोंगट्या डब्यात भरत म्हणाले. "पन हात उठला न्हाई."

हातातोंडाशी आलेली जागा गेली होती आणि चेहऱ्यावर हळहळ नाही. मी थक्क होऊन त्यांच्या हातांकडे बघत राहिले. एवढं मोठं माणूस माझ्यासमोर दोन तास बसलं होतं आणि मी त्याला हसले होते.

राज्य स्पर्धेत एका डावात समोरच्याकडे एकच प्यादं उरलं. मी ते मारलं आणि जिंकले. पेढे घेऊन उमरीला जायचं ठरवलं होतं. अजून गेलेली नाही.