मनातल्या मनात म्हणायचं भजन

भजनी मंडळ म्हणजे देवाचं नाव घ्यायला जमलेल्या बाया, असं आमच्या घरच्या पुरुषांना वाटतं. वाटू द्या! नाव आम्ही देवाचंच घेतो. पण टाळ खाली ठेवल्यावर जे सुरू होतं, त्याचे किस्से सांगायला बसले तर अख्खा चातुर्मास पुरायचा नाही. बरेचसे हसण्यासारखे आहेत. विमलचे मात्र सांगता सांगता मी दरवेळी मध्येच उठून चहा ठेवते. आज उठत नाही.

टीव्ही तेव्हा नागपुरात यायचा होता. नंदनवन वस्तीत आमच्या घरी दर मंगळवारी मंडळ जमे. पेटी कुसुमताईंची, म्हणून मंडळही कुसुमताईंचं! विमल सगळ्यांत लहान. तिचा नवरा कोराडीच्या पॉवरहाऊसमध्ये. संध्याकाळच्या बसमधून राखेने पांढरा होऊन उतरायचा.

विमलच्या पोराला टायफॉइड झाला, तेव्हा कुसुमताई दवाखान्यात तिच्याजवळ बसून राहिल्या. स्वतःच्या हाताने त्याला मऊ भात भरवला. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना वाईट म्हणाल. वाईट नव्हत्या हो त्या!

* * *

विमलने रेडिओवर गाण्यासाठी अर्ज केला आणि आवाजाच्या परीक्षेचं बोलावणं आलं. आरती झाल्यावर तिने लाजत लाजत सांगितलं. टाळ्या मी एकटीनेच वाजवल्या.

कुसुमताई पेटीचा भाता लावत म्हणाल्या, "चांगलंच आहे. आजकाल कोणालेही बोलावतात म्हणे!"

* * *

सुनेला नजर लागणार, हे विमलच्या सासूबाईंनी पक्कं धरलं. परीक्षेच्या दिवशी सकाळीच त्यांनी मीठ-मोहरी आणि भिवापुरी मिरच्या तिच्यावरून ओवाळून शेगडीत टाकल्या. ठसका लागला नाही तर नजर जबर, असं आपण मानतो. मिरच्या होत्या सादळलेल्या. ठसका काही येईना!

"कोणाची एवढी कडक नजर हाय वं माय!" म्हणत सासूबाईंनी घाबरून मूठभर मिरच्या आणखी टाकल्या. मग जो धूर उठला, त्याने शेजारपाजारचेसुद्धा घराबाहेर पळाले. विमल खोकतच रिक्षात बसली.

तरी पास झाली!

कुसुमताईंनी पेढा घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि म्हणाल्या, "आता खोकल्यालेही पास करून राहिले काय?"

* * *

पुढे रेकॉर्डिंग होतं. मी सुचवलं, तोवर आपण पाळीपाळीने शुक्रवार धरू, देवीला तिच्या गळ्यासाठी साकडं घालू. शुक्रवारी आंबटाला शिवायचंही नाही, हे कुणाला सांगायला नको. सगळ्या हो म्हणाल्या.

कुसुमताईंच्या शुक्रवारी मी त्यांचं पातेलं परत करायला गेले. ताई पायरीवर बसून संत्रं सोलत होत्या!

"ताई, अहो आज शुक्रवार!"

"मंग?"

"आंबट ना ते!"

त्यांनी फोड तोंडात टाकली. "आंबट काहून असंन? नागपूरचं संत्रं हाय, गोडच असते!"

पुढची फोड खाताना त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. तरी म्हणाल्या, "साखर हाय वहिनी, साखर!"

घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते. देवापुढे दिवा लावायला बसले आणि हसू गेलं. एवढ्या उपासतापासांची बाई, चुकून नाही हो खाणार. उद्यापनाची खीर मी केली. ताईंना बोलावलं. आल्या, पोटभर जेवल्या, माझ्या स्वयंपाकाला नावाजलं. विमलचं नाव घेतलं नाही.

* * *

रेकॉर्डिंग छान झालं. त्यानंतरच्या मंगळवारी कुसुमताई पेटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज जरा वरून घेऊ." जरा कुठलं, एकदम दोन सूर वर! पहिल्या कडव्याला माझा आवाज चिरकला, दुसऱ्याला बाकीच्या बायांचा, आणि तिसऱ्याला खुद्द ताईंचा. विमल तेवढी आरामात वर गेली. रस्त्यावरचा दूधवाला सायकलवरून पाय टेकून ऐकत उभा राहिला.

ताईंनी पेटी थांबवली. "आजपासून हे भजन सगळ्यांनी मनातल्या मनात म्हणायचं!"

काय हसलो आम्ही! विमलही हसली. पण पुढच्या मंगळवारी ती खरंच मनातल्या मनात गायली. त्याच्या पुढच्याही. नुसते ओठ हलायचे.

* * *

मेथी निवडता निवडता मी तिला विचारलं, "गळ्याला काय झालं गं?"

"काही नाही काकू. मी गायली का साऱ्या चूप होतात. मी चूप बसली का साऱ्या गातात. तुम्हीच सांगा, देवाले किती आवाज पाह्यजेत?"

"अगं, ताईंशी एकदा मोकळेपणी बोल. त्या तुझ्या पोरासाठी..."

"तेच तं!" विमलच्या हातातली काडी तुटली. "आता ताईनं जवळ बसावं म्हणून मले अजून एक टायफॉइड पाह्यजे काय?"

देव सोडवेल, एवढंच म्हटलं. दिवा मी रोज लावत होते. सुटत काही नव्हतं.

* * *

उन्हाळ्यात पापड लाटायला तिघी आमच्या घरी बसलो होतो. ताई, विमल आणि मी. दुपारचा महिलांचा कार्यक्रम ऐकावा म्हणून मी रेडिओ लावला. आमचा सेट जुना, तापायला वेळ घ्यायचा. आवाज आला तेव्हा गाणं सुरू होऊन गेलं होतं. सारंगी, तबला, आणि त्यावर एक मोकळा, भरलेला गळा.

मी ओळखला. विमलकडे पाहिलं. आज तिचं गाणं लागणार, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं! पिठाच्या हातांनी तिने मला खूण केली, बोलू नका.

"लाटणी थांबवा वं!" कुसुमताई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, पुसलंही नाही.

शेवटची ओळ संपली न संपली, तोच लाईट गेली. गाणारणीचं नाव आतच राहिलं.

मग ताईंनी कोपराने डोळे पुसले.

"असा एक गळा आपल्या मंडळात असता वं!"

विमलने पोळपाटावर नवी लाटी ठेवली.

"हो ना, ताई," ती म्हणाली.