गौतमचा दुष्काळपट

"काका, बाबा संपले," गौतमची लीना फोनवर म्हणाली. जर्मनीत वाढलेल्या मुलीचं मराठी ते… तिला दुसरा शब्द ठाऊक नव्हता. निलंग्याच्या स्टँडवर माझी लातूरची गाडी लागली, भरली, सुटली. मी पिशवी मांडीवर धरून तिथंच बसून राहिलो.

गौतम आणि मी शाळेत एका बाकावरचे. मी पुढे त्याच शाळेत मास्तर झालो. तो फोटो धुण्याचं काम शिकायला जर्मनीला गेला, तिथल्या फिल्म लॅबमध्ये चिकटला आणि हळूहळू स्वतःच माहितीपट काढायला लागला. उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास दुष्काळ पडला होता, तेव्हा तो कॅमेरा घेऊन आला. तिकडच्या एका टीव्ही कंपनीनं त्याला पहिलंच मोठं काम दिलं होतं. आवाज टिपायचं यंत्र त्यानं माझ्या गळ्यात अडकवलं. पहिल्या दिवशी मी फक्त माझा खोकला टिपला.

परवानगीसाठी नव्या जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. भिंतींचा रंग ओला होता. कारकुनानं गौतमचा जर्मन पासपोर्ट उलटासुलटा केला, मग शाळेचा दाखला पाहिला. "तुम्ही तर उस्मानाबाद जिल्ह्याचे. इथले न्हाई."

"साहेब, मी हाय तिथंच जन्मलो. जिल्हा हलला, त्याला मी काय करू?"

कारकून गंभीरपणे म्हणाला, "तसं लिहून द्या." गौतमनं खरोखर लिहून दिलं! बाहेर आल्यावर म्हणाला, "बापू, तिकडं लोक विचारतात, परत कधी जाणार? इकडंबी तेच विचारायलेत."

दुसऱ्या दिवशी गौतमच्या वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा होता. घागरींची रांग टिपायची म्हणून गौतम पहाटेच तयार. पण सिनेमावाला येणार ही बातमी आधीच पोचली होती. बाया आल्या त्या लग्नातल्या साड्या नेसून, केसांना तेल, तोंडाला पावडर. एका म्हाताऱ्यानं तर जावयाचा कोट चढवला होता. रांगेत सगळ्यांच्या पुढे गौतमची आई, सोनामाय, हिरव्यागार इरकलीत.

"अगं माय, दुष्काळ हाय! रोजच्यासारखं या की!"

"दुष्काळ हाय म्हणून तुझ्या गोऱ्या लोकांपुढं अवतार करून येऊ का? त्यांच्या घरी पाव्हणे आले तर ते जुनेरं नेसतात व्हय?"

गौतम हसत खाली बसला. मग उठला आणि जसं होतं तसं टिपलं.

पाठवलेल्या फिल्मा पाहून महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. ही माणसं तहानलेली वाटत नाहीत, पुन्हा चित्रण करा. गौतम दोन दिवस माझ्याकडे नुसता पडून होता. काम गेलं तर पुन्हा लॅबमध्ये उभं राहावं लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बापू, मायला गरीब दिस म्हणून सांगायचं कसं? मला ते जर्मनमधी येत न्हाई आन् मराठीतबी न्हाई." त्यानं नकार कळवला. काम गेलंच. काही वर्षं तो पुन्हा फिल्मा धूत राहिला. सुट्टीच्या दिवशी मात्र त्या दुष्काळाच्या फिल्मांचा चित्रपट स्वतःच जोडत बसायचा. पुढे तो एका लहानशा सभागृहात दाखवला तेव्हा लोक आधी हसले, मग गप्प झाले, आणि त्यानंतर त्याला काम मागावं लागलं नाही.

गेल्या आठवड्यात लीना तोच चित्रपट घेऊन आली. वस्तीवरच्या बुद्धविहारात पडदा लावला. सोनामाय जाऊन बरीच वर्षं झाली, पण पडद्यावर ती घागर कमरेवर घेऊन सरळ कॅमेऱ्याकडे आली, थांबली, काहीतरी बोलली. सगळं विहार हसलं. खाली जर्मन अक्षरं उमटली.

लीना गोंधळली. "लोक का हसतात? आजी पिकांबद्दल बोलते ना? बाबांनीच भाषांतर केलंय. 'सगळं वाळून गेलं.'"

"पिकांबद्दल न्हाई, बाळा," मी म्हणालो. "कॅमेऱ्यामागं तुझा बाप उभा होता. ती म्हणतीय, लई वाळलास रे…"