डाव्या चाकाचे नट

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो. नोकरीत खुनाचे आणि दरोड्याचे गुन्हे उघडकीस आणले, पण रस्त्यात कुणी ट्रकचं चाक काढताना दिसला की मला हेच प्रकरण आठवतं. मग बायको म्हणते, "झालं, आता घरी पोचेपर्यंत हेच ऐकायचं!"

शिरोळ तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका गावची जत्रा होती आणि दुपारी सगळं गाव कुस्तीच्या मैदानावर गेलं होतं. तेवढ्या वेळात एका ऊस वाहतूकदाराच्या गोठ्यामागे उभ्या असलेल्या जुन्या ट्रकची मागची उजवीकडची दोन्ही चाकं चोराने काढून नेली. ट्रक ओंडक्यांवर टेकवला होता. डावी बाजू भिंतीकडे होती, मालकाला तिकडचं काही दिसलंही नव्हतं. आम्ही भिंत आणि ट्रकमधल्या फटीत शिरून पाहिलं, तर तिकडची चाकं जागेवरच होती, पण नटांचे कोपरे पार झिजले होते आणि नट ज्यावर बसतो तो एक स्टड पिळून तुटला होता. जवळच गवतात लांब दांड्याचा पाना पडला होता. मी तिथे लगेच शिपाई उभा केला. त्यानंतर कुणालाही ट्रककडे जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, त्यो पाना हायवेवरच्या टायरवाल्या मिस्त्रीचा हाय. दांड्याला वेल्डिंग हाय बघा."

वेल्डिंग होतंच. मी खूश! चोवीस तासांच्या आत गुन्हा उघड, वरिष्ठांची शाबासकी नक्की. मिस्त्रीला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा माणूस, ग्रीसने हात काळे झालेले.

"पाना तुझा काय रे?"

"व्हय साहेब, माझाच. पण त्यो..."

"विचारलं तेवढंच सांग!"

मग तो गप्प झाला. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, तसा तो जास्तच मिटत गेला. शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, चोर म्हणून नाव झालं की माझ्या दारात गाडी कोण लावंल?" मी तिकडे लक्ष दिलं नाही. अटकेचे कागद टाईप झाले, फक्त माझी सही राहिली होती.

कोर्टात प्रकरण टिकावं म्हणून पाना त्या नटांना बसतो का, ते पंचांसमक्ष दाखवायचं होतं. मिस्त्रीला घेऊन जागेवर गेलो. आमच्या हवालदारांनी तरुणपणी तालीम गाजवलेली. त्यांनी डाव्या चाकाच्या नटाला पाना लावून जोर केला. नट हलेना. मग पान्याच्या दांड्यावर पाईप चढवून ते त्या पाईपवरच उभे राहिले. कडकन आवाज झाला, दुसरा स्टड तुटला आणि हवालदार थेट शेणात बसले.

मागून खुदकन हसण्याचा आवाज आला. पाहतो तो मिस्त्री!

"हसतोस काय?" मी ओरडलो.

"साहेब, हवालदार नट काढाय न्हाय, आवळाय लागल्यात की!"

"म्हणजे?"

"असल्या जुन्या गाडीला डाव्या अंगाचं आटं उलटं असत्यात. पळताना नट सैल पडू नयेत म्हणून. उजवीकडचं नट नेहमीसारखं निघत्यात, हिकडचं उजव्या हाताला फिरवायचं. आमच्या धंद्यात हे पयल्याच दिवशी शिकवत्यात."

मी वाकून ते झिजलेले कोपरे पुन्हा पाहिले. चोराने आमच्या हवालदारांसारखंच केलं होतं! जितका जोर लावला, तितके नट घट्ट झाले आणि ती चाकं त्याला सोडून जावं लागलं. मिस्त्री चोर असता तर चारही चाकं गेली असती.

"पाना कुणी नेला होता?"

"जत्रंच्या आदल्या दिशी मालकाच्या मेव्हण्यानं. चंदगडकडचं पावणं हायत ते. पावण्याला न्हाय कसं म्हणायचं?"

"मग ठाण्यात का बोलला नाहीस?"

"बोलत हुतो की. तुमीच म्हणलासा, विचारलं तेवढंच सांग."

दोन्ही पंच जमिनीकडे पाहू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण थांबायला वेळ नव्हता. हा पाहुणा अजून मालकाच्या घरातच होता! आदल्या दिवशी मला चहा त्यानेच आणून दिला होता आणि "मी दिवसभर मैदानावर होतो, ट्रककडं फिरकलोबी न्हाय," असं न विचारता सांगितलं होतं. मनगटाला पट्टी होती. न्हाणीत पाय घसरला म्हणे. जत्रेच्या पाहुण्याला कोण काय विचारणार?

मी आत जाऊन अगदी गोड आवाजात म्हणालो, "पाहुणे, उरलेली दोन चाकं ठाण्यात न्यायची आहेत. जरा मदतीला येता?"

"ती न्हाय निघायची साहेब," तो पटकन म्हणाला, "नट पार गुळगुळीत झाल्यात."

"तुम्ही तर ट्रककडे फिरकला नव्हता?" मी विचारलं. त्याने हातातली कपबशी खाली ठेवली आणि दाराकडे पाहिलं.

अर्ध्या तासात त्याने सगळं सांगितलं. पाईपवर उड्या मारताना पडून मनगट मुरगळलं होतं. चाकं त्याच दुपारी ओळखीच्या टेम्पोतून गावाकडे पाठवली होती. खबऱ्याच्या कानात मिस्त्रीचं नाव त्यानेच घातलं होतं. दुसऱ्या दिवशी चंदगडच्या बाजूला एका काजूच्या बागेतल्या खोपीतून दोन्ही चाकं पंचांसमक्ष जप्त केली.

डावीकडचे नट मिस्त्रीनेच काढून दिले. दुकानातून हत्यारं आणली, डिझेल सोडून थोडा वेळ थांबला, झिजलेल्या नटावर एक नंबर लहान सॉकेट ठोकून बसवलं आणि उजव्या हाताला नेटाने रेटलं. कट्ट! पहिला नट सुटला आणि हवालदारांनी चक्क टाळी वाजवली. मीही वाजवली.

ठाण्यात परत आल्यावर अटकेचे कागद मी मिस्त्रीसमोर फाडले. त्याला खुर्ची दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत जे शब्द कुठल्याही संशयिताला म्हटले नव्हते, ते म्हणालो. "मिस्त्री, चुकलं माझं. तुम्ही बोलत होता, मी ऐकलं नाही."

तो अवघडून खुर्चीच्या कडेवर बसला. काळे हात पुसत म्हणाला, "हुतंय असं साहेब. आटं न बघता जोर लावला की ते आनखीच घट्ट बसतंय."

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोर आणलेल्या प्रत्येक माणसाला मी पहिला प्रश्न एकच विचारला, "तुम्हाला काय सांगायचं आहे?"