सतरंजीवरची जागा

माझ्या ऑफिसच्या दाराशी आज एका गृहस्थांनी चपला काढल्या.

"असू द्या हो," मी म्हणालो.

"सवय आहे, सर. बाईंच्या शाळेत असंच यायचो."

बाई म्हणजे माझी आई. तिची शाळा आमच्या पुढच्या खोलीत, एका सतरंजीवर सुरू झाली. नवं मूल आलं की ती म्हणायची, "सरका रे जरा!" आणि जागा व्हायची. आता चार मजले आहेत, वर्गावर्गात बाक आहेत आणि या गृहस्थांच्या मुलीच्या प्रवेशासाठी मी जागा नाही म्हणून सांगितलं. शाळा एवढी वाढली, मग जागा गेली कुठे?

अपराधी मनाने त्यांना सोडायला बाहेर आलो. बाकावर त्यांची मुलगी एकटीच बसली होती. मला उभा पाहून ती जरा सरकली.