सोनचाफ्यातली सहा नंबरची खोली

चांगुणाचा राग आमच्या सगळ्या खात्याला माहीत होता. सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही बायका विजेच्या मोटारींच्या कॉइली गुंडाळायचो. ती माझ्या शेजारच्या मशीनवर. तांब्याची तार तुटली की ती तारेला शिव्या द्यायची, भाजीत मीठ जास्त पडलं की स्वतःला. पण हा वरवरचा राग. तिचा खरा राग मी १९८१ साली पाहिला, आणि त्यातला काही माझ्या वाट्याचा होता.

तिचे वडील जयराम तरुणपणी तमाशात ढोलकी वाजवायचे. छप्पन साली धम्म घेतला आणि ढोलकी सोडली ती कायमची. "पण बोटं कुठं ऐकत्यात, इंदिराबाई," चांगुणा सांगायची. "आई भाकरी थापायला बसली की ह्यांचं पातेल्यावर सुरू." वडील तोंडातल्या तोंडात लावण्या म्हणायचे, त्याही अर्धवट. तेवढ्याच चांगुणाला पाठ होत्या. मशीनवर ती गुणगुणायची तेव्हा मधल्या ओळी आल्या की नुसतं 'हं हं' करायची. वडील गेले त्या वर्षी तिनं ठरवलं, एकदा तरी हे सगळं पुरतं ऐकायचं.

दिंडोरी रोडला सोनचाफा नावाचं थिएटर होतं. पुढं मोठा हॉल, तिथं गाणाऱ्या बायकांच्या पार्ट्या पाळीपाळीनं कला दाखवायच्या. मागं अंगणाभोवती सहा खोल्या, एकेका पार्टीची एकेक. जिचं गाणं आवडलं तिच्या खोलीत जाऊन रसिकांनी बैठक लावायची, अशी रीत. सहा नंबरच्या खोलीत कुसाबाई गायची. खात्यातले पुरुष शनिवारी जाऊन यायचे आणि सोमवारी डबे उघडले की तिच्या आवाजाच्या गोष्टी करायचे.

"येता का?" एक दिवस चांगुणानं मला विचारलं.

माझे यजमान बँकेच्या कामासाठी आठवडाभर येवल्याला गेले होते. लहानपणी मी पेटी शिकले होते, लग्नानंतर ती माहेरीच राहिली. मी हो म्हटलं, आणि म्हटल्यावर घाबरले.

शनिवारी रात्री चांगुणाचा भाऊ निवृत्ती आम्हाला त्याच्या रिक्षातून घेऊन गेला. दारावरच्या माणसानं निवृत्तीला म्हटलं, "तुम्ही या. बाया बाहेर."

"का?" चांगुणानं विचारलं.

"बायांना सोडत नाही आम्ही. घरंदाज बायांची जागा नाही ही."

"मग आत कोण गातंय? बाप्ये?"

रांगेतले पुरुष हसले. चांगुणाचा आवाज चढला. "आत गाणाऱ्या बायाच हायत ना? त्यांना घरदार नाय का? त्यांनी नाचायचं, तुम्ही बघायचं, आन् मी कान दिला की माझी अब्रू जाती?"

"बाई, उगाच तमाशा करू नका."

"तमाशाच ऐकायला आलेय मी!"

मी तिचा पदर ओढला. तिनं तो झटकन सोडवून घेतला आणि भिंतीच्या कडेकडेनं तरातरा मागच्या बाजूला निघाली. मी तिच्यामागं. निवृत्ती रिक्षापाशी थांबला.

मागच्या अंगणात चुलीवर कालवण शिजत होतं. बाकीच्या पाच खोल्यांतून पाच ढोलक्या एकाच वेळी वाजत होत्या, कुठला ठेका कुठल्या गाण्याचा ते कळेना. सहा नंबरच्या दाराशी पन्नाशीची एक बाई पायात चाळ बांधत बसली होती. ती कुसाबाई. चांगुणानं तिला सगळं सांगितलं. वडिलांचं, पातेल्याचं, दारावरच्या माणसाचं. कुसाबाईनं शेवटची गाठ मारली आणि म्हणाली, "त्यांचा हॉल त्यांना लखलाभ. ही खोली माझी हाय. बसा बायांनो."

आम्ही भिंतीला टेकून बसलो. कुसाबाईनं तीन लावण्या म्हटल्या. तिसरी सुरू झाली तशी चांगुणा ताठ झाली. ती वडिलांची होती. जिथं चांगुणा 'हं हं' करायची तिथले शब्द आले. माहेरी परत जाऊ न शकणाऱ्या बाईचं गाणं होतं ते. इतकी वर्षं ती जे खुशीत गुणगुणत होती ते गाणं रडण्याचं निघालं. चांगुणा रडली नाही. डोळे ताणून कुसाबाईच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मांडीवर ठेका धरत राहिली.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. दारात आमचे सुपरवायझर वेणीमाधवसाहेब उभे. मनगटाला गजरा, मागं दोन मित्र. त्यांनी आधी चांगुणाला पाहिलं, मग मला. चांगलं निरखून पाहिलं.

"या की साहेब," कुसाबाई म्हणाली. "आज पाहुण्या आल्यात."

साहेब आल्या पावली वळले.

सोमवारी चांगुणाला मॅनेजरनी बोलावलं. कारखान्याच्या नावाला काळिमा लागेल अशा ठिकाणी ती गेली होती म्हणे. तिची बदली वार्निशच्या खोलीत झाली. तिथं गुंडाळलेल्या कॉइली वार्निशमध्ये बुडवतात. वासानं डोकं उठतं, म्हणून बायकांना तिथं कधीच ठेवत नसत. "बरोबर कोण होतं?" मॅनेजरनी विचारलं. "साहेबांनी बघितलंय की. त्यांना विचारा," एवढंच ती म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही. साहेबांनीही घेतलं नाही. का घेतलं नाही ते मला हे ऐकताक्षणी कळलं होतं. मी गोळे कॉलनीत राहणारी, बँकेतल्या माणसाची बायको, आडनाव वरच्या जातीचं. ती सातपूरच्या बौद्ध वस्तीतली.

मंगळवारी तिच्या डब्याच्या फळीवर कुणीतरी खडूनं 'सहा नंबर' लिहिलं. तिनं ते तळहातानं पुसलं. बुधवारी पुन्हा लिहिलेलं होतं. मी ते तिच्याआधी पाहिलं आणि पुसलं नाही.

गुरुवारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. साहेब तिथंच बसले होते.

"चांगुणाबरोबर मी होते," मी म्हटलं.

साहेब हातातल्या कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "इंदिराबाईंचा काहीतरी घोटाळा होतोय. त्या नव्हत्या."

"मी होते! तुमच्या हातातला गजरासुद्धा पाहिला मी."

मॅनेजर शांतपणे म्हणाले, "तुम्ही चांगल्या घरातल्या. यात कशाला पडता? की तुमच्या यजमानांना फोन करून विचारू, त्या रात्री तुम्ही कुठं होता ते?"

मी दाराकडे वळले. शिक्षा मागायला गेलेली मी शिक्षेशिवाय बाहेर आले.

जिन्यात चांगुणाला हे सांगितलं. ती म्हणाली, "सोमवारी तुम्ही माझ्या शेजारी बसला होता, इंदिराबाई. मला बोलवायला शिपाई आला तवा तुम्ही तार मोजत होता." आणि खाली उतरून गेली.

त्याच दुपारी कँटीन भरलेलं असताना ती साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. अंगाला वार्निशचा वास, हात कोपरापर्यंत पिवळे.

"मी सहा नंबरच्या खोलीत गेले हुते, साहेब. गाणं ऐकाया. तुम्ही कशाला आला हुता?"

साहेबांनी घास ताटात परत ठेवला. एवढ्या माणसांत एकही हसला नाही.

"बोला की. फळीवर लिवायचंच आसंल तर दोघांची नावं लिवा म्हणावं."

खडूचं लिहिणं त्या दिवसापासून थांबलं. बदली मात्र रद्द झाली नाही. युनियनचे लोक म्हणाले, प्रकरण वाढवू नका. ती वार्निशमध्येच राहिली, खोकला घेऊन. माझ्याशी कामापुरतं बोलायची.

सोनचाफ्याला मात्र तिनं सोडलं नाही. कुसाबाईला बरोबर घेऊन ती थिएटरच्या मालकाशी भांडायला जायची. एकदा नाही, दीड वर्ष. शेवटी त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी बायकांसाठी खेळ लागला. तिच्या वस्तीतल्या तीसेक बायका पुढच्या दारानं आत गेल्या. मीही गेले. "आलात?" चांगुणा म्हणाली, आणि पुन्हा स्टेजकडे बघू लागली. मी मागच्या रांगेत बसले.

पंच्याऐंशी साली साहेब बढतीवर दुसरीकडे गेले. निरोपाच्या समारंभात एकानं भाषणात सांगितलं, साहेब म्हणजे संगीताचे खरे दर्दी. टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर घट्ट दाबून बसले होते. पण मी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून कुणाचं काय अडलं? चांगुणा मधूनच उठली, खुर्च्या मुद्दाम सरकवत, आवाज करत दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली. भाषण करणारा थांबला. साहेबांनी मान वळवून पाहिलं. मग भाषण पुढं सुरू झालं.