वंदनाची नजर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही वंदनाला ओळखत नाही — ओळखत असतात तर माझी जीभ रेटली नसती.

बुलडाण्यात आम्ही दोघी टायपिंगच्या क्लासला जायचो. ती देऊळघाटहून यायची, मी इथलीच. सुरुवातीला सगळ्याच चाचपडत होतो. मग तिची बोटं अशी काही सुटली, की काय सांगू? मान ताठ, नजर समोरच्या उताऱ्यावर, आणि बोटं आपली खाली कामाला लागलेली. मी मात्र ‘ष’ कुठे आहे ते शोधत बसायचे. कॉम्प्युटर तर आमच्या घरी होता, तिच्या नाही. मग तिलाच कसं जमलं? जेवतानाही मला हेच छळायचं. मी जळत होते — दुसरा शब्द नाही.

सर जोड्या लावायचे. एकीने टाइप करायचं, दुसरीने शेजारी बसून तिच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं. नजर कीबोर्डवर गेली रे गेली, की टेबलावर टकटक करायची. माझी जोडी वंदनाशी होती.

कळलं असेलच तुम्हाला. — नाही, मीच सांगते. तिची नजर हलायची नाही, आणि मी टकटक करायचे.

पहिल्यांदा ती हसली. “पाह्यलं का वं मी? मले तं समजलंच नाही.”

“हाव, पाह्यलं,” मी म्हटलं. इतकं सोपं होतं ते.

मग रोजच. तिची लय लागली, की नेमकी तेव्हाच टकटक. ती दचकायची, थांबायची. हळूहळू तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला. आपण पाहतो की काय, हे तपासायला ती खरंच खाली पाहू लागली — आणि तीच सवय तिला जडली. पुढे मला खोटं वागायची गरजही उरली नाही. वाईट वाटलं का मला? नाही. बरं वाटलं.

लिपिकाच्या परीक्षेत लेखीला तिचे गुण माझ्याहून जास्त होते. टायपिंगच्या चाचणीत तिचा उतारा अर्धवट राहिला. मी जेमतेम निभावले. नोकरी मला लागली.

मध्यंतरी देऊळघाटला गेले होते. तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात ती लोकांचे अर्ज टाइप करून देते. मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, “हे माही मैत्रीण. हिनं लय टोकलं मले, पण माही खोडच गेली नाही.” किती मायेने बोलली — तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी चहा प्यायले.

ती परत कामाला लागली. दर ओळीला मान खाली, मान वर. तरीही ती माझ्यापेक्षा भराभर टाइप करत होती. मी बघत बसले, आणि पुन्हा तशीच जळले.