केबिनमधली झोळी

लग्नाआधी मी पारनेरच्या पलीकडे फारशी गेले नव्हते. लग्नानंतर एकदम केरळात गेले.

आमच्या ह्यांचा स्वतःचा ट्रक आहे. कांदा भरायचा आणि सांगतील त्या गावाला पोचवायचा, हा धंदा. क्लीनर सुप्याच्या कंपनीत कामाला लागला तेव्हा हे म्हणाले, "एवढी फेरी तू चल, दुसरा मिळेपर्यंत." दुसरा काही मिळाला नाही. ह्यांनी फार शोधलाही नाही. गाडी चालवताना ह्यांना बोलायला लागतं आणि मला बोलायला जमत नाही. चार माणसांत कोणी नाव विचारलं तरी मी ह्यांच्याकडे बघते. त्यामुळे आमचं छान जमलं. हे बेंगळुरूपर्यंत बोलायचे, मी काचेतून बघायचे आणि मधून मधून "हं" म्हणायचे.

केबिन उंच असते. माझ्यासारखीला ती फार सोयीची. सगळं जग दिसतं आणि जगातल्या कोणाला आपल्याशी बोलता येत नाही. कांदा जाईल तिथवर मी गेले. कोलकात्याला, ओडिशात, तमिळनाडूत तर किती वेळा. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून इकडच्या पाट्या मी अडखळत वाचते. पण तिकडच्या पाट्या ह्यांनासुद्धा वाचता येत नाहीत, आणि हे बारावी झालेले. कर्नाटकाची हद्द लागली की आम्ही दोघं एकाच वर्गात.

मग मुलगी झाली. पाच महिने माहेरी राहून परत आले, तर माझं फिरणं संपलं असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, "झालं तेवढं जग बघून. आता पोरीकडं बघ."

मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं, मान्य केलं. मी त्यांचंच एक जुनं लुगडं घेतलं आणि केबिनच्या छताला दोन कड्या होत्या त्यांना झोळी बांधली. ह्यांनी गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, "आई लई बोलंल."

आत्या लई बोलल्या. तरी आम्ही निघालो, कारण गाडी भरलेली होती आणि भरलेला कांदा कोणासाठी थांबत नाही.

पोरगी झोळीत गाढ झोपायची. खाली उतरलं की हाल माझे. एकटी होते तेव्हा माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. आता ढाब्यावर पाय ठेवला की बायका जमायच्या, पोरीचे गाल ओढायच्या आणि आपापल्या भाषेत विचारायच्या. नाव काय, किती महिन्यांची, दूध पुरतं का, एवढी बारीक कशी. भाषा येत नसूनही मला सगळं कळायचं, कारण आमच्या गावात हेच विचारून झालं होतं. केरळात वजनकाट्यावरच्या एका बाईने पोरीला टोपी घातली नाही म्हणून मला चांगलं झापलं. पुढे एका पोलिसाने गाडी अडवली. कागद मागितले, पण कागद राहिले बाजूला, पोरीला खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला फेऱ्या मारायला लागला. तिने त्याचा खांदा भिजवला. मी इतकी घाबरले की परक्या पुरुषाशी पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. "साहेब, ती सगळ्यांच्याच अंगावर करते." त्याला काही कळलं नाही. तो हसत राहिला.

घरी परत आलो आणि पोरगी झोपेना. पाळणा हलवला, पाठ थोपटली, डोळे टक्क उघडे.

"इंजनाची सवय लावलीस लेकराला," आत्या म्हणाल्या. "आता गाडी भरंपर्यंत पोर माझ्याकडं. माझ्याजवळ झोपली तर ऱ्हाईल घरी. आन् तू बी."

पोरगी अंगावर पिणारी, तिला सोडून मी कशी जाणार? म्हणजे तिला झोप लागली की माझं फिरणं बंद.

मी ओट्यावर कांदा निवडत बसले. आतून आत्यांचं गाणं यायचं, मग पोरीचं रडणं. लेकरू रडतंय आणि आईला बरं वाटतंय, असं कुठं असतं का? पण वाटत होतं. आवाज बंद झाला की माझा हात थांबायचा. परत भोकाड आलं की मी पुढचा कांदा उचलायचे.

आत्यांनी घुटी दिली. दृष्ट काढली. मग मिक्सर लावला. मिक्सर फिरत होता तोवर पोरगी झोपली, म्हणून त्या फिरवतच राहिल्या. घरातल्या सगळ्या शेंगदाण्यांचं कूट झालं, मिक्सर तापून बंद पडला, पोरगी उठली. शेजारचा पोरगा ट्रॅक्टर घेऊन निघाला होता, त्याला हाक मारली. तो म्हणाला, "काकू, मी नांगराया चाललोय, अंगाई म्हनाया न्हाई."

थोड्या वेळाने आतून वेगळाच आवाज आला. आत्या तोंडाने "घुर्रर्र" करत होत्या. ज्यांच्यापुढे सगळी भावकी हळू बोलते, त्या आत्या. पोरगी खदखदून हसली. झोपली नाही.

शेवटी त्या बाहेर आल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, पोरगी काखेत. ह्यांना म्हणाल्या, "कर रं ती गाडी चालू. हितल्या हितं."

आत्या कधी ट्रकमध्ये चढल्या नव्हत्या. ह्यांनी वरून हात ओढला, मी खालून ढकललं. आत्यांना ढकलायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. पोरगी झोळीत ठेवली, इंजिन चालू झालं आणि ती झोपली. आत्या मात्र उतरेनात. मान इकडं तिकडं फिरायला लागली.

"अगं बया, माझ्या थोरल्या जावंनं गच्चीवर पापड घातलेत! मला म्हनली, यंदा करनार न्हाई. आन् त्यांच्या मळ्यात नवी मोटर बसवली व्हय रं?"

"आई, उतर आता. डिझेल जळतंय."

"गप. पोरीची झोप मोडंल. जरा सुप्यापर्यंत घे."

मला कोणी चल म्हटलं नाही. मी कांद्याजवळच राहिले. सुप्याला गेलेली गाडी दिवस कलल्यावर आली आणि आत्यांच्या हातात भेळीचा पुडा होता. घरात राहायचं की जायचं, ह्यावर त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. मला विचारायचा धीर नव्हता.

गाडी भरली. निघायच्या सकाळी मी दारात उभी होते, बांधाबांध न करता. आत्या भाकरीचं गाठोडं घेऊन माझ्या पुढून गेल्या.

"बघती काय? चढ. पोरीला माझ्याबिगर झोप येत न्हाई, मला यावंच लागंल. तू मागं बस, झोळीपाशी."

मी चढले. शिरूर यायच्या आत आजी आणि नात दोघीही झोपल्या. मागच्या फळीवरून समोरचं फारसं दिसत नाही. आत्यांचं डोकं उजवीकडे कललं की रस्ता जायचा, डावीकडे कललं की यायचा. डावीकडे कललं तेवढ्यात घोडनदीचा पूल बघून घेतला.